विश्वासी आणि विश्वासू

(‘इमान’ ह्या शब्दाचा अभ्यास)

शास्त्रवाचन : निर्गम १७:८-१३, नहेम्या ५:१-१३, हबक्कूक २:१-४, लूक २२:३१-३४.

मुख्य विचार : देवावर विश्वास ठेवणे आणि देवाशी इमान राखणे ह्या पवित्र शास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

तेलंगणातील आदिलाबाद शहराला लागून, नागपूरहून हैद्राबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, मावला नावाचे गाव आहे. हा जिल्हा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके ह्या जिल्ह्यातून काढून मराठी मुलखास जोडण्यात आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ सालापासून तो तेलंगणात आहे. सीमेची रेघ नकाशावर ओढली गेली, पण माणसांच्या जिभेवर ती काही ओढता आली नाही. आजही ह्या भागात तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी व कोलामी ह्या भाषा शेजारी शेजारी नांदतात. पुष्कळ घरांतील मुले घरी एक भाषा बोलतात, शाळेत दुसरी शिकतात आणि बाजारात तिसरी ऐकतात.

अशा ठिकाणी रविवारच्या शाळेत शिकविणाऱ्यास एक मौजेची अडचण येते. धड्याचा विषय ‘विश्वास’ आहे असे समजा. तेलुगू बोलणारा शेजारी ‘विश्वासम्’ म्हणतो तेव्हा त्यात देवावरील श्रद्धाही येते आणि धन्याशी असलेले इमानही येते. कुत्र्याच्या अंगी ‘विश्वासम्’ असते असे तो सहज बोलतो. आम्ही मराठीत कुत्रा ‘इमानी’ असतो असे म्हणतो. कुत्र्याला ‘विश्वास’ असतो असे कोणी म्हणणार नाही. उलट उर्दू बोलणारा मुसलमान शेजारी ‘ईमान’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात प्रथम देवावरील श्रद्धा असते. म्हणजे एका भाषेत श्रद्धेचा असलेला शब्द दुसऱ्या भाषेत निष्ठेचा होतो, आणि निष्ठेचा असलेला शब्द श्रद्धेचा होतो. ह्या अदलाबदलीने शिक्षक गोंधळून जाईल. परंतु आम्हांस वाटते की ह्या गोंधळातच आजच्या धड्याची किल्ली आहे.

१. मराठीतील शब्द

‘इमान’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इतका रुळला की तो परका आहे हे खेड्यातील म्हातारीलाही ठाऊक नसते. इमानेइतबारे चाकरी केली, इमान विकले, बेइमान निघाला, हे शब्दप्रयोग आपण रोज ऐकतो. त्याच घराण्यातली आपली म्हण म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणे. ‘निष्ठा’ हा संस्कृत शब्द ‘स्था’ म्हणजे उभे राहणे ह्या धातूपासून झाला आहे. एका जागी पाय रोवून उभा राहतो तो निष्ठावंत. ‘वफादार’ ह्यातील ‘वफा’ हा मुळात अरबी शब्द असून दिलेले वचन पुरेपूर फेडणे असा त्याचा भाव आहे. मीठ, उभे राहणे आणि पुरेपूर फेड, ही तीन चित्रे वर्गात फळ्यावर काढून दाखविण्यासारखी आहेत.

आता ‘विश्वास’ हा शब्द घ्या. मराठीत विश्वास ‘ठेवला’ जातो आणि इमान ‘राखले’ जाते. ठेवलेली वस्तू फडताळात पडून राहिली तरी चालते. राखावयाच्या वस्तूपाशी रात्र जागून काढावी लागते. शेत राखावे लागते, शब्द राखावा लागतो, अब्रू राखावी लागते. आपल्या मंडळ्यांतून ‘विश्वास’ हा शब्द फार वापरला गेल्यामुळे तो हळूहळू मनातील एका मताचे नाव होऊन बसला आहे. “माझा प्रभूवर विश्वास आहे,” असे म्हणण्यास आज सहसा काही पडत नाही. “मी प्रभूशी इमान राखून आहे,” असे म्हणावयास मात्र जीभ अडखळते, कारण लगेच कालचा दिवस आठवतो.

मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात आणखी एक जोडी आहे : ‘विश्वासी’ आणि ‘विश्वासू’. प्रभूला मानणारा तो विश्वासी. ज्याच्यावर भरवसा टाकता येतो तो विश्वासू. लिहिताना फरक एका वेलांटीचा आणि एका उकाराचा. जगताना मात्र पुष्कळ वेळा ह्या दोहोंमध्ये मोठी दरी दिसते. दुकानदार म्हणतो, “माणूस विश्वासी आहे खरा, पण उधारी देऊ नका.” असे शब्द आपल्या लोकांविषयी बोलले जातात तेव्हा भाषेतील ही फट आपणांस लाजविते.

२. पवित्र शास्त्रातील शब्द

जुन्या करारात ह्या सर्व कल्पनांच्या मुळाशी इब्री भाषेतील एक धातू आहे. त्याची तीन अक्षरे आ, म आणि न अशी सांगता येतील. घट्ट असणे, टिकणे, भार सोसणे हा त्याचा गाभा. त्यापासून ‘एमुना’ हे नाम झाले, विश्वास ठेवणे हे क्रियापद झाले, आणि आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो ‘आमेन’ हा शब्दही झाला. अरबी व इब्री ह्या सख्ख्या बहिणी. अरबीतील ‘ईमान’ ह्याच धातूच्या अरबी रूपापासून बनला आहे. तेव्हा बाजारातील आपले ‘इमान’ आणि मंदिरातील आपले ‘आमेन’ ही एकाच कुळातील भावंडे आहेत. हे कळल्यावर उपासनेत ‘आमेन’ म्हणताना मनुष्य जरा थबकेल.

‘एमुना’ हा शब्द शास्त्रात प्रथम कोठे येतो हे पाहण्यासारखे आहे. तो निर्गम १७:१२ येथे येतो आणि तेथे तो कोणाच्या मताविषयी नसून हातांविषयी आहे. अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे. मोशेचे हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, हात खाली आले की माघार. हात भरून आले. तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी त्याला धोंड्यावर बसविले, दोन्ही बाजूंनी हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ राहिले, म्हणजे स्थिर राहिले.

मावला हे नाव ऐकताच मराठी मनुष्याला मावळा आठवतो. गावाच्या नावाचा त्याच्याशी काही नातेसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण आठवण निघालीच आहे तर तिचा उपयोग करू या. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले असता बाजीप्रभू देशपांडे व त्यांचे मावळे घोडखिंडीत उभे राहिले. महाराज गडावर पोहोचल्याच्या तोफा कानी पडेपर्यंत बाजींनी खिंड सोडली नाही, असे परंपरा सांगते. बाजींच्या मनात काय विचार होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ते कोठे उभे होते आणि कोठवर उभे राहिले, एवढे लोकांच्या स्मरणात आहे. सूर्य मावळेपर्यंत वर राहिलेले मोशेचे हात आणि तोफा होईपर्यंत न हटलेले पाय, ही दोन्ही चित्रे ‘एमुना’ समजावून देतात. एक फरक मात्र मुलांना दाखवावा : मोशे एकटा टिकला नाही. अहरोन व हूर नसते तर हात खाली आले असते. इमान राखण्यासही सोबती लागतात, आणि मंडळी म्हणतात ती ह्याचसाठी.

दुसरा उतारा २ राजे १२:१५ हा आहे. योवाश राजाच्या काळी मंदिराची डागडुजी चालू होती. कामावरील मुकादमांच्या हाती पैसा दिला जाई आणि त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ते ‘एमुनाने’ वागत असत. पुढे योशीया राजाच्या वेळीही असेच झाल्याचे २ राजे २२:७ येथे आहे. आपल्या मंडळ्यांनी हिशेब मागणे सोडावे असा ह्याचा अर्थ नव्हे. हिशेब चोख असावा व तो वेळच्या वेळी मंडळीपुढे यावा. परंतु ज्या शब्दावर पुढे पौलाने तारणाचा सिद्धांत उभारला, तो शब्द शास्त्रात गवंड्यांच्या व सुतारांच्या पैशाविषयी वापरला आहे, हे पंचकमिटीच्या सभासदांनी ध्यानात ठेवावे.

तिसरे उदाहरण कोमल आहे. रूथ ४:१६ येथे नामीने रूथेचे बाळ उराशी धरले व ती त्याची दाई झाली असे सांगितले आहे. दाई ह्या अर्थी तेथे जो इब्री शब्द आहे तोही ह्याच धातूचा. मूल जिच्या कडेवर निर्धास्त झोपते तीही ‘आमेन’च्या कुळातली.

३. नव्या करारातील शब्द

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. तेथे ‘पिस्तिस’ हा एकच शब्द विश्वास व विश्वासूपण अशा दोन्ही अर्थी येतो, आणि ‘पिस्तोस’ म्हणजे विश्वासीही आणि विश्वासूही. रोमकरांस ३:३ येथे पौल देवाच्या ‘पिस्तिस’विषयी बोलतो, तेथे देव कोणावर विश्वास ठेवतो असा अर्थ होऊच शकत नाही, देवाचा खरेपणा असाच अर्थ आहे. आत्म्याच्या फळांच्या यादीत, गलतीकरांस ५:२२ येथे, आपल्या मराठी शास्त्रात ‘विश्वासूपणा’ हा शब्द आहे, त्याचेही मूळ ‘पिस्तिस’च. पुदिना, शेप व जिरे ह्यांचा दशांश मोजून देणाऱ्या परूश्यांना प्रभूने ज्या तीन मोठ्या गोष्टींची आठवण दिली (मत्तय २३:२३) त्यांतही हाच शब्द आहे.

लुदियेची गोष्ट पाहा (प्रेषितांची कृत्ये १६:१५). बाप्तिस्मा होताच ती प्रेषितांना म्हणते, मी प्रभूशी ‘पिस्तोस’ आहे असे तुम्हांस वाटत असेल तर माझ्या घरी येऊन राहा. ती विश्वासी आहे असे म्हणावे की विश्वासू आहे असे? ग्रीकमध्ये हा प्रश्न उठतच नाही. बाप्तिस्म्याचे पाणी वाळण्यापूर्वीच घराचे दार उघडते.

आता हबक्कूक २:४ कडे वळू. हे वचन पौलाने रोमकरांस १:१७ व गलतीकरांस ३:११ येथे घेतले आहे, इब्री लोकांस १०:३८ येथेही ते आहे, आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारणा ह्याच वचनावर उभी राहिली. हबक्कूक बुरुजावर उभा आहे, खास्दी लोकांचे सैन्य येत आहे, आणि देवाचे उत्तर लांबले आहे. अशा वेळी नीतिमान मनुष्य ज्याच्या बळावर जगतो ते त्याचे ‘एमुना’ होय. केवळ मत बाळगून बुरुजावर कोणी टिकत नाही. वाट पाहत तेथेच उभे राहावे लागते.

येथे कोणी वाचक विचारील, “मग काय, कर्मांनी तारण असे शिकविता?” तसे मुळीच नाही. तारण कृपेने आहे व ते विश्वासाने स्वीकारावयाचे आहे, ह्यात आम्ही तिळमात्र फेरफार करीत नाही. परंतु विश्वास म्हणजे काय हे मार्टिन ल्यूथरकडूनच ऐकावे. रोमकरांस पत्राला त्याने १५२२ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत विश्वास ही जिवंत व कामसू गोष्ट आहे असे तो आवर्जून सांगतो. विवाहाचा दाखला घ्या. वधू वराच्या घरी येते ती इमानाची किंमत मोजून येत नाही. पण घरात आल्यावर इमान राखणे हेच त्या नात्याचे जगणे असते. “मी तुझ्यावर विश्वास ठेवते, मात्र इमान राखणार नाही,” असे म्हणणारीला, किंवा म्हणणाऱ्याला, विवाह समजलाच नाही.

४. ‘आमेन’ म्हणणे म्हणजे काय?

नहेम्याचा पाचवा अध्याय कापूस पिकविणाऱ्या आणि कर्जाचे ओझे वाहणाऱ्या आपल्या मुलखात वारंवार वाचला जावा असा आहे. दुष्काळ पडला होता. गोरगरिबांनी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती, राजाचा सारा भरण्यास कर्ज काढले होते, काहींच्या मुली दास्यात गेल्या होत्या. सावकार परके नव्हते. त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने सभा भरविली, त्यांना तोंडावर दोष दिला, आणि आपण व आपले लोकही कर्ज देणाऱ्यांत आहोत हे लपविले नाही. शेते परत करा, व्याज सोडा, असे त्याने सांगितले. ते कबूल झाले. त्याने याजकांसमोर शपथ घेवविली, आपल्या वस्त्राचा ओचा झाडला, आणि सर्व मंडळी ‘आमेन’ म्हणाली. पुढे एक लहानसे वाक्य आहे : लोकांनी दिलेल्या वचनाप्रमाणे केले. आमच्या मते ह्या अध्यायातील सर्वांत मोठे आश्चर्य ते वाक्य आहे.

अनुवाद २७ मध्येही लोक बारा वेळा ‘आमेन’ म्हणतात, आणि ज्यांना ते आमेन म्हणतात ती वाक्ये शेजाऱ्याची शीव सरकविणे, आंधळ्याला वाट चुकविणे, परदेशी, अनाथ व विधवा ह्यांचा न्याय बुडविणे अशा गोष्टींविषयी आहेत. म्हणजे शास्त्रातील ‘आमेन’ हा प्रार्थना संपल्याची घंटा नाही. तो अंगठा उठविण्यासारखा आहे : वाचून दाखविले ते मला मान्य आहे व मी त्याला बांधलेला आहे.

५. इमान कोणाशी?

इमान हा गुण धोक्याचाही होऊ शकतो. चोरांच्या टोळीतही इमान असते. एज्रा ४:१४ येथे यहूद्यांचे वैरी राजाला लिहितात की आम्ही राजवाड्याचे मीठ खातो, म्हणून तुमचे नुकसान आम्हांस पाहवत नाही. आणि त्या मिठाच्या नावाखाली ते यरुशलेमेचे बांधकाम बंद पाडतात. आपल्याकडेही “तो आपला माणूस आहे” एवढ्यावर मंडळीत गट पडतात, जातभाईची चूक झाकली जाते, आणि सत्य बोलणाऱ्यालाच बेइमान ठरविले जाते. हे मिठाला जागणे नव्हे. मिठाने डोळे चोळणे होय.

ह्याबाबत दानीएल आपला शिक्षक आहे. दानीएल ६:४ येथे त्याच्या शत्रूंना त्याच्या कारभारात दोष सापडला नाही, कारण तो विश्वासू होता. तेथील अरामी शब्दही आपल्याच धातूचा आहे. परक्या राजाचे काम त्याने इमानेइतबारे केले. पण त्याच राजाने प्रार्थनेवर बंदी घातली तेव्हा तो नेहमीप्रमाणे दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकून बसला. राजाचे काम त्याने चुकविले नाही आणि राजाला देवाच्या जागी बसविलेही नाही. ज्याचे इमान वर पक्के असते त्याचे खालचे इमान खरे असते, व त्याला मर्यादाही असते.

आपल्याच घरातले एक उदाहरण सांगावेसे वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे डोळे मिटून गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, नंतर पतीकडे परतल्या, आणि मनाची खात्री पटल्यावर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली प्रभूकडे गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य थोड्याच अध्यायांनंतर अपुरे राहिले होते. ज्या बाईंना लहानपणी शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते, त्यांनी पुढील अध्याय रचून ते काम उचलले. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, प्रसिद्ध झाले. खात्री होईपर्यंत हो न म्हणणे आणि हो म्हटल्यावर अखेरपर्यंत सोडून न देणे, ह्या दोन्ही गोष्टी मिळून इमान होते.

६. पहिले इमान देवाचे

इतके वाचून कोणी प्रामाणिक मनुष्य मान खाली घालील. आपले इमान पहाटेच्या दवासारखे आहे, असे होशेय ६:४ मध्ये देव स्वतः खेदाने म्हणतो. मग आपली आशा कोठे?

विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, यरुशलेम जळून गेल्यावर, राखेत बसलेला मनुष्य देवाच्या ‘एमुना’ची आठवण करतो आणि ते रोज सकाळी नवे असते असे म्हणतो. माणसाचे इमान सकाळी दवाप्रमाणे विरते आणि देवाचे त्याच सकाळी नवे होते. २ तीमथ्य २:१३ येथे पौलही हेच सांगतो : आपण बेइमान झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही. पेत्राने तर शेकोटीपाशी तीनदा नाकारले. परंतु त्यापूर्वीच प्रभूने त्याच्यासाठी प्रार्थना केली होती की त्याचा ‘पिस्तिस’ ढळू नये (लूक २२:३२). पेत्राचे हात खाली आले तेव्हा ते धरून ठेवणारा अहरोनाहून थोर असा कोणी होता. म्हणूनच प्रकटीकरण ३:१४ येथे ख्रिस्ताला ‘आमेन’ हेच नाव दिले आहे. आपला आमेन त्याच्या आमेनवर टेकलेला आहे. स्वतःच्या पायावर तो कधीच उभा नव्हता.

ज्याने इमान गमावले आहे, त्याने परत यावे. पेत्राला मेंढरे राखण्याचे काम पुन्हा मिळाले.

शिक्षकांसाठी सूचना

लहान वर्गात मोशेच्या हातांचा खेळ घ्यावा : एका मुलाने हात वर धरावे, थकल्यावर दोघांनी आधार द्यावा. मोठ्या वर्गात मुलांना आपापल्या घरच्या भाषेत ‘इमान’ व ‘विश्वास’ ह्यांना काय म्हणतात ते विचारून फळ्यावर लिहावे. सीमेवरील गावांत ही यादी मोठी होईल. कोणत्याही मुलाच्या भाषेला हसू देऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. ‘विश्वासी’ व ‘विश्वासू’ ह्यांत आपण फरक का करू लागलो?
२. नहेम्या ५ मधील लोकांचा ‘आमेन’ आज आपल्या मंडळीत उच्चारला तर कोणती गोष्ट परत करावी लागेल?
३. मित्राशी इमान आणि सत्याशी इमान ह्यांत झगडा आला तर दानीएलापासून काय शिकावे?
४. ज्याचे हात खाली येत आहेत असा आपल्या मंडळीत कोण आहे, आणि अहरोन व हूर कोणी व्हावे?

प्रार्थना : हे विश्वासू देवा, तुझे इमान रोज सकाळी नवे आहे म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या ओठांवरील शब्दाला आमच्या हातांचे बळ दे, आणि आमचे हात भरून येतील तेव्हा ते तू धरून ठेव. ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.